तरंगलेला थेंब

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी जानेवारी महिन्यात आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिर झाले, ते अनेकांना आठवत असेल. आमच्या वर्गातून अकरा मुलींनी नावे दिली होती. त्यांत मीही होते. नाव देण्यामागे समाजसेवेची तळमळ किती आणि प्रमाणपत्राची ओढ किती, हे आता खरे सांगायला हरकत नाही. निम्मे-निम्मे असावे.

सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडले होते. त्यावर काचेच्या भांड्यात निळे पाणी होते. संत्र्याच्या बागेसाठी आमच्याकडे मोरचूद आणतात, अगदी त्याच रंगाचे. पुढे कळले की ते मोरचुदाचेच पाणी होते. बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब त्या पाण्यात सोडायचा. थेंब झटकन तळाशी गेला तर रक्तदात्याने आत जायचे; वर रेंगाळला तर घरी जायचे. मोरचुदाच्या पाण्याची घनता 1.053 इतकी ठेवलेली असते. ज्या रक्तात हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटरला, किमान 12.5 ग्रॅम आहे, ते रक्त या पाण्याहून जड असल्यामुळे बुडते. आपल्या देशात रक्तदानासाठी एवढे हिमोग्लोबिन लागते.

माझा थेंब तरंगला. जन्मभर बुडणे वाईट आणि तरणे चांगले असेच ऐकत आल्यामुळे मला क्षणभर आनंदच झाला! टेबलापाशी बसलेल्या परिचारिकाबाई म्हणाल्या, "बेटा, तुला रक्त द्यायचं नाही, तुलाच रक्ताची गरज आहे." मागे उभ्या असलेल्या मुलांत हशा पिकला. अकरा जणींपैकी आम्ही सात जणी अशा परत आलो. मुलांपैकी एकच जण परत आला, आणि तोही आदल्या रात्री जागरण झाले म्हणून.

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही सात जणींनी चहा घेतला. (तो चहा घेणेही किती चुकीचे होते, ते पुढे येईलच.) कोणालाच या गोष्टीचे फारसे वाईट वाटले नाही. एक जण म्हणाली, "माझ्या ताईचंही असंच आहे." दुसरी म्हणाली, "आमच्या घरी सगळ्यांचंच कमी असतं." जणू काही सावळा रंग किंवा कुरळे केस असावेत, तसे रक्त कमी असणे हाही घराण्याचा एक गुणच! सातही जणींनी जे इतक्या सहजपणे स्वीकारले, ते मुळात काय असते, हे विचारायचे मात्र कोणालाच सुचले नाही. ते मला नंतरच्या वर्षभरात कळले. वाङ्‌मयीन मजकुराने भरलेल्या या अंकात रक्ताविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, ते त्यामुळेच.

अशक्तपणा नव्हे, आजार

माझी तक्रार तशी जुनी होती. ग्रंथालयाचा जिना चढले की छातीत धडधडे. दुपारच्या तासाला डोळे मिटत. सरांना मी आळशी वाटे आणि मलाही मी आळशीच वाटे. याआधी एका दवाखान्यात दाखवले होते. तिथे वर्षभर लाल रंगाचे टॉनिक मिळाले, पण रक्त मात्र एकदाही तपासले गेले नाही. आईचे म्हणणे ठरलेले, "पोरीच्या जातीले एवढं चालतेच व माय."

या आजाराला आपल्याकडे पंडुरोग किंवा रक्तक्षय म्हणतात. नाव नवे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लोहाचे कल्प सांगितले आहेत. म्हणजे फिकटपणा आणि लोखंड यांचा संबंध आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. आधुनिक वैद्यक त्यालाच ॲनिमिया म्हणते. यात शरीरातील रक्ताचे माप कमी झालेले असतेच असे नाही. रक्तातील तांबड्या पेशी, म्हणजेच त्यांच्यातील हिमोग्लोबिन कमी झालेले असते. हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन. फुप्फुसातला प्राणवायू उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचवायचा, ही त्याची हमाली. हमालच कमी पडले की माल ठेसनावर पडून राहतो. मग मेंदूला झोप येते, पायांत गोळे येतात आणि हृदय त्याच थोड्या हमालांना जास्त फेऱ्या मारायला लावते. ती धडधड म्हणजे हीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन 13 ग्रॅमच्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 ग्रॅमच्या खाली गेले की त्यास ॲनिमिया म्हणतात. गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश वाढत असल्याने हे माप थोडे खाली, 11 ग्रॅमच्या आसपास धरतात. स्त्रीचे हिमोग्लोबिन 8 च्या खाली गेले तर तो तीव्र ॲनिमिया समजतात.

माझे हिमोग्लोबिन किती निघाले? 8.4.

रोकड आणि शिल्लक

रासेयोच्या सरांनी आम्हा सातही जणींना तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात जायला बजावले होते. आम्ही चौघीच गेलो. तेथील डॉक्टरबाईंनी मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे हे ऐकल्यावर जो हिशेब समजावून सांगितला, तो माझ्या विषयाच्या कोणत्याही पुस्तकाइतकाच मला पटला.

आपल्या शरीरात एकंदर लोह तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. त्यातील बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. दर सेकंदाला जवळजवळ 20 लाख जुन्या पेशी मोडीत निघतात आणि तितक्याच नव्या हाडांच्या मगजात तयार होतात. मोडीत निघालेल्या पेशींतील लोह शरीर भंगारवाल्याच्या काटकसरीने गोळा करून पुन्हा वापरते. त्यामुळे रोज अन्नातून फक्त एक-दोन मिलिग्रॅम लोह आत आले तरी भागते. पण आतडी मोठी चिकट आहेत. ताटात असलेल्या लोहापैकी थोडाच भाग ती आत घेतात.

ही झाली जमेची बाजू. आता खर्च पाहा. एक मिलिलिटर रक्त गेले की जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते असे धरले तर महिन्याला 15 ते 20 मिलिग्रॅम लोह गेले. 80 मिलिलिटरहून अधिक जात असेल तर हा खर्च दुपटीहून पुढे जातो. मुलगा आणि मुलगी एकाच पंगतीत एकच भाजीभाकरी खाऊन उठली, तरी मुलीच्या खात्यातून दरमहा ही रक्कम वजा होतेच. आणि आपल्याकडे ती दोघे एका पंगतीत बसतात तरी कुठे!

शरीराची एक बचतठेवही असते. यकृतात आणि मगजात फेरिटिन नावाच्या प्रथिनात लोह साठवलेले असते. हिमोग्लोबिन म्हणजे हातातील रोकड आणि फेरिटिन म्हणजे बँकेतील शिल्लक. खर्च वाढला की माणूस आधी बँकेतून पैसे काढतो. हातात रोकड दिसत राहते, लोकांना वाटते घर बरे चालले आहे. शिल्लक शून्यावर आल्यानंतर हातातील रोकड आटू लागते. म्हणजे हिमोग्लोबिन कमी होते तेव्हा दिवाळे निघून बराच काळ लोटलेला असतो. आणि म्हणूनच हे सारे इतके हळू घडते की आपले शरीर त्याची सवय करून घेते. जिना चढताना थांबणे हा आपला स्वभावच आहे असे आपण समजू लागतो.

निदान म्हणजे चौकशी

"हिमोग्लोबिन 8.4 हे उत्तर नाही, हा प्रश्न आहे," असे डॉक्टरबाई म्हणाल्या. या लेखात एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. ताप जसा स्वतः रोग नसून कशाची तरी खूण असतो, तसाच ॲनिमिया. रक्त कमी होण्याच्या वाटा तीनच. एक तर ते शरीराबाहेर जात असेल, दुसरे म्हणजे पुरेसे तयार होत नसेल, किंवा तयार झालेले वेळेआधी नष्ट होत असेल. यांपैकी कोणती वाट, हे शोधणे म्हणजे निदान.

त्यांनी सुई टोचण्याआधी प्रश्न विचारले. पाळी किती दिवस असते? गाठी पडतात का? शेतात अनवाणी जाता का? (अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात.) शौचास काळे होते का? मूळव्याध आहे का? हिवताप येऊन गेला का? वेदनाशामक गोळ्या वारंवार घेता का? जेवणानंतर लगेच चहा घेता का? आणि शेवटी एक विचित्र प्रश्न, "माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का?"

मी लाजले. शाळेत असताना मी पाटीवरची पेन्सिल खात असे आणि अजूनही एखादा तुकडा दप्तरात सापडे. तेव्हा कळले की लोहाच्या कमतरतेत अशी अखाद्य वस्तूंची वासना होते. घरी ज्या सवयीवरून मला हसत, ते खरे तर एक लक्षण होते.

मग त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले, नखे पाहिली. लोह फार दिवस कमी असले की नखे चमच्यासारखी खोलगट होतात. नंतर रक्ताची संपूर्ण गणना केली. पूर्वी हिमोग्लोबिन साहलीच्या उपकरणात मोजत. रक्तात सौम्य आम्ल घालून येणारा तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी डोळ्यांनी जुळवून पाहायचा. आता यंत्र काही मिनिटांत पेशींची संख्या, आकार, सगळेच छापून देते. त्या कागदावर हिमोग्लोबिनखालोखाल महत्त्वाचा आकडा म्हणजे पेशीचे सरासरी आकारमान, एम.सी.व्ही. तो साधारण 80 ते 100 असावा. माझा 66 होता.

प्रयोगशाळेतील दादांनी मला सूक्ष्मदर्शकातून माझेच रक्त पाहू दिले. निरोगी पेशी कशा दिसतात तेही शेजारच्या काचपट्टीवर दाखवले. निरोगी पेशी भरीव होत्या, मधोमध थोड्या फिकट. माझ्या पेशी लहान, आणि मधला भाग इतका पांढुरका की नुसत्या बांगड्याच विखुरल्यासारख्या दिसत होत्या. मिळेल तेवढ्या लोहात मगज बिचारा कशीबशी पेशी उरकत होता. फेरिटिन 6 निघाले. प्रौढ माणसात ते 15 च्या खाली असले की साठा संपला असे समजतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर मात्र फेरिटिन फसवे वाढलेले दिसते, म्हणून तो आकडा एकटा वाचायचा नसतो.

निदान झाले. लोहाच्या कमतरतेमुळे झालेला ॲनिमिया. माझ्या बाबतीत अपुरा आहार, जंत आणि पाळी, तिघांनी मिळून केलेला.

सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो

येथे एक इशारा. पेशी लहान आहेत म्हणजे लोहच कमी, असे नाही. थॅलेसेमियाच्या वाहकांतही पेशी लहान असतात, पण लोहाचा साठा भरलेला असतो. अशा माणसाला वर्षानुवर्षे लोह देऊन उपयोग नाही. तेथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी करावी लागते.

उलट, काही ॲनिमियात पेशी मोठ्या होतात. त्याची एक कथा मुंबईशी जोडलेली आहे. 1928 साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांत एक जीवघेणा ॲनिमिया दिसे, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. या स्त्रियांच्या पेशी मोठ्या होत्या आणि आहार अत्यंत निकृष्ट. विल्सबाईंनी आधी प्राण्यांवर प्रयोग केले. मार्माइट नावाचा, पावाला लावून खाण्याचा, यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर आजारी माकड सुधारले. मग तोच त्यांनी या स्त्रियांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला पुढे 'विल्स घटक' म्हणू लागले. तेच आजचे फॉलिक ॲसिड. पालकाच्या पानांतून ते 1941 साली वेगळे काढले गेले, आणि काही वर्षांतच ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या सुपुत्राने केले. आज गरोदर बाईला अंगणवाडीतून मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते. गिरणगावातील त्या अनाम स्त्रियांचे हे देणे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

मोठ्या पेशींचे दुसरे कारण म्हणजे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजीपाल्यात ते जवळजवळ नसते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. बी-12 कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. आंधळे औषध किती महाग पडते, याचे याहून चांगले उदाहरण नसेल.

आणि तिसरी वाट, पेशी वेळेआधी नष्ट होण्याची. ती मला माझ्या वसतिगृहातील मैत्रिणीने समजावली. ती गडचिरोली जिल्ह्यातली. तिला सिकलसेल आहे. या आजारात हिमोग्लोबिन जन्मतःच थोडे वेगळे असते. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशी पेशी 120 दिवस जगत नाही, दहा-वीस दिवसांतच फुटते. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देते. थंडीत ती रात्र रात्र पाय धरून बसते, आणि आम्ही तिला "नाटकं करते" म्हणत होतो, हे कबूल करायला हवे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतात, म्हणून लग्नाआधी पत्रिकेबरोबर हीही तपासणी पाहावी, असे ती हसत म्हणते. तिला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड मिळते. लोह तिला तपासल्याशिवाय देत नाहीत. 2023 च्या जुलैत केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. 2047 पर्यंतचे उद्दिष्ट आहे.

म्हणजे मी, माझी मैत्रीण आणि गिरणगावातील ती बाई, तिघी सारख्याच फिकट. पण औषध तिघींचे वेगळे.

आईचा आकडा

मी गोळ्या घेऊन गावी गेले तेव्हा हे सारे आईला ऐकवले. ती तांदूळ निवडत होती आणि निवडता निवडता चिमूट चिमूट तोंडात टाकत होती. ते मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी मात्र माझा हात थबकला. तिचे तळहात पाहिले, पीठ लावल्यासारखे पांढरे. पाऊल दाबले तर खड्डा पडला. मी म्हटले, "आई, तुझं रक्त तपासू." ती म्हणाली, "मले काय धाड भरली? सोयाबीन निघू दे, मंग पाहू."

सोयाबीन निघायची वाट न पाहता मी तिला नेले, ते केवळ परिचारिकाबाईंचे ते वाक्य कानात घुमत होते म्हणून. तिचे हिमोग्लोबिन 6.2 निघाले. डॉक्टरबाईंनी हळूहळू काढून घेतले तेव्हा कळले की दोन वर्षांपासून पाळी दहा-दहा दिवस जात होती, गाठी पडत होत्या. घरात कोणाला सांगितले नव्हते. सांगायचे तरी कोणाला आणि कोणत्या शब्दांत? सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. गाठ साधी होती, कर्करोगाची नव्हती. पण तिला वर्षानुवर्षे टॉनिक पाजले असते तरी भोक पडलेल्या हौदात पाणी ओतल्यासारखेच झाले असते.

जिल्हा रुग्णालयात तिला दोन पिशव्या रक्त चढवले. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते. ज्यांचे फार खाली आहे, दम लागतो आहे, हृदयावर ताण आहे, त्यांनाच रक्त देतात. उठसूट कोणालाही नाही. नंतर शिरेतून लोह दिले आणि तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया केली. रक्ताच्या पिशवीवर दात्याचे नाव नसते, नुसता क्रमांक असतो. रात्रभर मी तो क्रमांक वाचत होते. कुठल्या तरी शिबिरात कोणाचा तरी थेंब बुडाला होता, म्हणून माझी आई तरली.

उपचार आणि काही गैरसमज

माझा उपचार साधा होता, पण चिकाटीचा. सरकारी दवाखान्यातील लोहाची गोळी काही पैशांची असते, आणि काम तीच करते. ती रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त शोषली जाते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. शौचास काळे होते, त्याला भ्यायचे कारण नाही. एक गोळी घेतल्यावर यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि दिवसभर आतड्याचे दार अर्धवट लावून घेते. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात; 2017 सालच्या संशोधनात अशा रीतीने शोषण अधिक होते असे दिसले. मला तशीच दिली. शिवाय जंताचे औषध.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम वाढायला हवे. वाढले नाही तर गोळी घेतली जात नाही, रक्त जाते आहे, किंवा निदान चुकले आहे, असे समजून पुन्हा शोध घ्यावा. आणि आकडा 12 वर आला की गोळी थांबवायची नाही. तेव्हा फक्त हातातील रोकड भरलेली असते, बँक रिकामीच असते. पुढे निदान तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बहुतेक जण येथेच चुकतात. आणखी एक, ही गोळी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. मोठ्या मात्रेत ती मुलांना प्राणघातक ठरते.

आहाराविषयी सांगायचे तर बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते, हा शुद्ध भाबडेपणा. रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही. बाजरी, अळीव, तीळ, हरभरा, चवळी, हिरव्या पालेभाज्या यांत लोह आहे. मांस, मासे, कलेजी यांतील लोह अधिक सहज शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू यांनी भाजीतील लोहाला वाट मिळते. मोड आणलेल्या आणि आंबवलेल्या धान्यातूनही ते अधिक मिळते. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर तीही थोडे देते. चहातील द्रव्ये मात्र लोहाला अडवतात, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. पण 8.4 चा आकडा नुसत्या पालेभाजीने वर येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. रिकामा साठा भरायला औषधच लागते. आहार तो पुन्हा रिकामा होऊ देत नाही.

आपण सारे

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत ॲनिमिया आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के होते. देशातील त्याच वयाच्या पुरुषांत ते 25 टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत 67.1 टक्के होते. आमच्या अकरांतील सात हा काही योगायोग नव्हता. पुरुष वाचकांनीही निश्चिंत राहू नये. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले तर पोटातून रक्त जाते आहे का, हे पाहावेच लागते. अल्सर, मूळव्याध, क्वचित कर्करोगही त्यामागे दडलेला असतो.

शासनाने काही केले नाही असे नाही. पोषणजन्य ॲनिमिया रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. 2018 साली त्याला 'ॲनिमिया मुक्त भारत' असे नवे रूप मिळाले. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळे. मळमळते म्हणून आम्ही ती कुंपणापलीकडे फेकत असू. ती कशासाठी आहे हे आम्ही विचारले नाही, आणि आम्हालाही कोणी सांगितले नाही. गोळी होती, समजूत नव्हती.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा शिबिर झाले. निळे पाणी तेच, टेबलही तेच. माझा थेंब सरळ तळाशी गेला. बाहेर येऊन घरी फोन लावला तर आईचा पहिलाच प्रश्न, "बुडाला का व माय?"

त्या दिवशी परत गेलेल्या सात जणींपैकी पाच जणींनी आतापर्यंत रक्त तपासून घेतले आहे. दोघी अजून "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणतात. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा परीक्षा झालेली असेल. त्या दोघींना एवढेच सांगणे, ग्रामीण रुग्णालयात सकाळी चला. मी बरोबर येते. आणि येताना आईलाही घेऊन या.